एक सेक्टर कमी

जुन्या विंडोज सर्व्हरवर डिस्कच्या पार्टिशनची माहिती मागितली की एका रकान्यात ३२२५६ हा आकडा येतो. जुन्या लिनक्सवर एफडिस्ककडे सेक्टरमध्ये यादी मागितली तर त्याच जागी ६३ दिसतं. दोन्ही एकच. ५१२ बाइटचा एक सेक्टर, असे ६३ सेक्टर म्हणजे ३२२५६ बाइट. नव्या सर्व्हरवर याच रकान्यात १०४८५७६ किंवा २०४८ येतं. डिस्कच्या आरंभापासून किती अंतर सोडून पार्टिशन सुरू झालं, एवढंच हे आकडे सांगतात. डेटाबेस सांभाळणाऱ्या पुष्कळांची नजर त्यांच्यावर टेकत नाही. मला मात्र हा रकाना थांबून, सावकाश वाचावासा वाटतो. ६३ कडून २०४८ कडे येण्यात पाव शतकाचा इतिहास आहे, डोळ्यांना न दिसणारी एक तूट आहे, आणि ती भरून काढण्याची रीत फार देखणी आहे.

आधी ६३. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि डॉस २.० ने तिचे भाग पाडण्याची पद्धत घालून दिली. डिस्कवरची जागा तेव्हा तीन आकड्यांनी सांगत: कोणता सिलिंडर, कोणता हेड, कोणता सेक्टर. बायॉसमध्ये या तिघांना अनुक्रमे १०, ८ आणि ६ बिट मिळाले होते. सहा बिटांत शून्य ते ६३ एवढेच आकडे मावतात. सेक्टरची मोजणी मात्र एकपासून व्हायची, म्हणून एका ट्रॅकवर जास्तीत जास्त ६३ सेक्टर. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये विभागणीचा तक्ता आणि मशीन सुरू करणारा चिमुकला प्रोग्रॅम असायचा. उरलेला पहिला ट्रॅक मोकळा सोडून पार्टिशन दुसऱ्या ट्रॅकच्या आरंभी सुरू करायचं, अशी चाल पडली. शून्यापासून मोजलं तर तो सेक्टर बरोबर ६३ वा.

म्हणजे ६३ मागेही सीमा जुळवण्याचा, जुळणीचाच विचार होता, हे मला इथे महत्त्वाचं वाटतं. ट्रॅक ही तेव्हा खरी वस्तू होती. तबकडी फिरते, हेड एका वर्तुळावर स्थिर राहतो, त्या वर्तुळावरचं सगळं एका फेऱ्यात हाती येतं. पार्टिशन वर्तुळाच्या आरंभापासून सुरू करणं यात शिस्त होती. पुढे डिस्क बदलल्या. तबकडीचा बाहेरचा घेर मोठा, तिथे जास्त सेक्टर बसतात, आत कमी. कारखाने त्या हिशोबाने लिहू लागले. मग सगळ्या ट्रॅकवर सारखे सेक्टर ही गोष्टच उरली नाही. तरी जुन्या बायॉसशी बोलता यावं म्हणून डिस्कची एक कल्पित रचना सांगितली जात राहिली: २५५ हेड, प्रत्येक ट्रॅकवर ६३ सेक्टर. दोन-तीन तबकड्यांच्या डिस्कमध्ये चार-सहा हेड असतात. २५५ हेडची डिस्क कोणी बनवली नव्हती. पण विभागणी करणारे प्रोग्रॅम त्या ६३ शी इमान राखून राहिले. कोणत्याच तबकडीवर नसलेल्या ट्रॅकच्या कडेला ते पार्टिशन जुळवत होते.

  

६३ चं खरं नुकसान कळायला डेटाबेसच लागतो. संगमेश्वरच्या बाजारपेठेतल्या एखाद्या पतसंस्थेचा सर्व्हर डोळ्यांसमोर आणू. दिवसभर पिग्मीच्या नोंदी, ठेवी, सोनेतारण, संध्याकाळी दिवसअखेर, ३१ मार्चला सगळ्या खात्यांची व्याज आकारणी. मशीन एकच. त्यात चार डिस्क रेड ५ ने बांधलेल्या, त्यावर एसक्यूएल सर्व्हर. काही अडलं तर माणूस रत्नागिरीहून किंवा चिपळूणहून येणार. अशा ठिकाणी दोन डिस्क आणखी घेऊ, असं सहज म्हणता येत नाही. आहे त्या यंत्राकडून पूर्ण काम घ्यावं लागतं.

रेडमध्ये डेटा डिस्कांवर तुकड्यातुकड्यांनी वाटला जातो. नेहमीचा तुकडा ६४ केबीचा: पहिले ६४ केबी एका डिस्कवर, पुढचे ६४ दुसरीवर, असं क्रमाने. एसक्यूएल सर्व्हरचं पान ८ केबीचं असतं आणि अशा आठ पानांचा एक एक्स्टेंट, म्हणजे तोही नेमका ६४ केबीचा. पार्टिशन फॉरमॅट करताना क्लस्टर, म्हणजे फाइलला जागा देण्याचं एकक, ६४ केबीचा ठेवायचा, ही शिफारसही याच कुळातली. चौसष्ट, आठ, चौसष्ट. सगळी मापं एकमेकांत बसावीत म्हणूनच ठरवल्यासारखी.

आता यांच्या पायाशी ३२२५६ बाइट ठेवून पाहा. ते होतात साडेएकतीस केबी. पहिला एक्स्टेंट साडेएकतीसवर सुरू होतो आणि साडेपंच्याण्णववर संपतो. मध्ये ६४ ची सीमा आहे. म्हणजे एक्स्टेंटचा एक भाग एका डिस्कवर आणि उरलेला दुसऱ्या डिस्कवर. दुसरा एक्स्टेंट साडेपंच्याण्णववर सुरू होतो, मध्ये १२८ ची सीमा. तिसऱ्याच्या मध्ये १९२. हे शेवटपर्यंत असंच चालतं. एकही एक्स्टेंट एका डिस्कवर अखंड राहत नाही. एका वाचनात व्हावं ते काम प्रत्येक वेळी दोन डिस्कांना सांगावं लागतं आणि दोघींपैकी जी मागे राहील तिच्यासाठी थांबावं लागतं. त्या वेळात दुसऱ्या कुणाची चौकशी यायची असेल तर तीही रांगेत थांबते.

त्याहून सूक्ष्म गोष्ट एकेका पानाची. आठ-आठ केबीची पानं साडेएकतीसपासून मांडत जा: साडेएकतीस, साडेएकोणचाळीस, साडेसत्तेचाळीस, साडेपंचावन्न, आणि पाचवं पान साडेत्रेसष्टवर. त्याला सीमेपर्यंत जागा मिळते फक्त अर्धा केबी. अर्धा केबी म्हणजे ५१२ बाइट, म्हणजे एक सेक्टर. पाचव्या पानाचा पहिला सेक्टर एका डिस्कवर पडतो आणि उरलेले पंधरा पुढच्या डिस्कवर. एसक्यूएल सर्व्हरच्या पानाच्या सुरुवातीला ९६ बाइटचं शीर्ष असतं. पान कोणत्या तक्त्याचं, त्यात किती नोंदी, मोकळी जागा किती, हे त्यात लिहिलेलं. ते शीर्ष इथे आणि बहुतेक नोंदी तिथे. दर आठ पानांतल्या एका पानाची ही दशा. आणि याचं कारण काय? तर ६३ हा ६४ पेक्षा एकने कमी आहे, एवढंच. पार्टिशन फक्त एक सेक्टर पुढे सरकलं असतं तर ते ३२ केबीवर सुरू झालं असतं आणि एकही पान तुटलं नसतं. एक्स्टेंट तेव्हाही मधोमध कापले गेले असते, पण बरोबर चार-चार पानांत. एवढ्या मोठ्या यंत्रात इतक्या लहान तुटीचा असा नियमित परिणाम मला दुसरीकडे दिसलेला नाही. हा भाग मी जेव्हा जेव्हा मांडून पाहतो तेव्हा थक्क होतो.

लिहिण्याचा हिशोब आणखी जड आहे. रेड ५ मध्ये एक लहानसा तुकडा बदलायचा तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डिस्क बिघडल्यास कामी येणारी पडताळणीची नोंद) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी चार कामं होतात. पान दोन डिस्कांत तुटलं की चारची सहा होतात, कधी आठ. व्याज आकारणीत खात्याखात्यावर लिहिणंच असतं. रेड चालवणाऱ्या कंट्रोलरची कॅश यातलं काही झाकून घेते, पण लिखाण वाढत गेलं की ती भरते आणि झाकलेलं वर येतं.

संगमेश्वरकडची घरं जांभ्याच्या चिऱ्यांची. चिरा बसवताना गवंडी खालचा सांधा आणि वरचा सांधा एका रेषेत येऊ देत नाही. खालच्या दोन चिऱ्यांच्या सांध्यावर वरच्या चिऱ्याचा मधला भाग येतो, तरच भिंत धरते. डिस्कवरचा नियम बरोबर उलटा आहे. पानाचा सांधा क्लस्टरच्या सांध्यावर, क्लस्टरचा सांधा तुकड्याच्या सांध्यावर यावा लागतो. भिंतीला थर एकमेकांत गुंतवायचे असतात, कारण भार सगळ्यांनी वाटून घ्यायचा असतो. इथे प्रत्येक लहान काम एकाच डिस्कवर संपलं पाहिजे, म्हणजे बाकीच्या डिस्क दुसऱ्या लहान कामांना मोकळ्या राहतात. ६३ ने चालणारा सर्व्हर म्हणजे डिस्कवर केलेली भिंतीची बांधणी. बांधणी चुकीची नाही. जागा चुकीची आहे.

या दोषाचं सगळ्यात वाईट अंग म्हणजे त्याची शांतता. चूक दाखवणारा संदेश कुठेच येत नाही. डेटा बिनचूक असतो, ताळेबंद जुळतो, बॅकअप होतो. फक्त सगळं जरा सावकाश चालतं, आणि पहिल्या दिवसापासून तसंच चालत असल्याने तीच यंत्राची चाल समजली जाते. मग क्वेरी तपासल्या जातात, इंडेक्स वाढवले जातात, मेमरी टाकली जाते. त्या रकान्यापर्यंत कोणी पोचत नाही.

तो रकाना सर्वांसमोर आणण्याचं श्रेय मी जिमी मे आणि डेनी ली यांना देईन. एसक्यूएल सर्व्हरसाठी पार्टिशनची जुळणी कशी करावी यावर या दोघांनी २००९ साली मायक्रोसॉफ्टसाठी एक दीर्घ टिपण लिहिलं. त्यातली एक तुलना माझ्या मनात घर करून आहे: जुळवलेल्या सहा डिस्कांनी न जुळवलेल्या आठ डिस्कांच्या तोडीचं काम केलं. लहान गावातल्या संस्थेसाठी या वाक्याचा अर्थ सरळ आहे. दोन डिस्कांचे पैसे एका आकड्यात अडकलेले होते. टिपणातले दोन भागाकारही असेच सुटसुटीत आहेत. पार्टिशनचं अंतर भागिले तुकड्याचं माप, हे पूर्णांकात यावं; तुकड्याचं माप भागिले क्लस्टरचं माप, हेही पूर्णांकात यावं. ३२२५६ भागिले ६५५३६ केलं की ०.४९२१८७५ येतं. १०४८५७६ भागिले ६५५३६ केलं की १६.

उपाय त्याआधीही हाताशी होता. विंडोज २००० च्या काळात डिस्कपार नावाचं छोटं साधन होतं, आणि विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून डिस्कपार्टमध्ये पार्टिशन बनवताना ‘अलाइन’ हा शब्द लिहिण्याची सोय झाली. पण माहीत असेल त्यालाच तो शब्द लिहिता येणार. व्हिस्टा आणि विंडोज सर्व्हर २००८ पासून न सांगताच १०२४ केबीचं अंतर सोडलं जाऊ लागलं. लिनक्सची साधनंही थोड्याच काळात त्याच मापावर आली. इथे आपण २०४८ पाशी पोचतो.

जुळणीच करायची तर ६३ ऐवजी ६४ घेता आले असते, किंवा १२८, म्हणजे बरोबर ६४ केबी. पतसंस्थेच्या त्या सर्व्हरला १२८ पुरले असते. मग चांगला १ एमबी रिकामा का सोडला? मला यातली दृष्टी आवडते. हे माप ठरवणाऱ्यांना पुढे कोणती डिस्क जोडली जाईल, कोणता कंट्रोलर असेल, तुकडा ६४ केबीचा असेल की १२८, २५६, ५१२ चा, हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. १०२४ ला या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो. ज्याला आपण पाहिलेलं नाही अशा यंत्रासाठी आधीच जागा करून ठेवायची, आणि त्याची किंमत द्यायची ती एका एमबीची. १९८३ च्या १० एमबीच्या डिस्कवर हा दहावा हिस्सा झाला असता आणि कोणी तो सोडला नसता. शेकडो जीबीच्या डिस्कवर तो जाणवतही नाही. जागा स्वस्त झाली म्हणून ही उदारता परवडली हे खरं. पण स्वस्त झालेल्या जागेचा इतका समंजस उपयोग झाला, याची दाद दिलीच पाहिजे.

हा अंदाज लगेच कामाला आला. २००९ च्या अखेरीस वेस्टर्न डिजिटलच्या नव्या डिस्क आल्या. त्यांचा खरा सेक्टर ४ केबीचा होता, बाहेरून मात्र त्या ५१२ बाइटचाच सांगत. जानेवारी २०११ पासूनच्या नव्या डिस्क या पद्धतीने काढायच्या, असं कारखान्यांच्या संघटनेतही ठरलं होतं. आता ६३ चा दोष रेडपुरता राहिला नाही. एकट्या डिस्कवरही तो आला. साडेएकतीसला चाराने भाग जात नाही, शेवटी साडेतीन उरतात, पुन्हा अर्ध्या केबीचीच तूट. ८ केबीचं पान दोन खऱ्या सेक्टरांत बसायचं ते तिनांवर पसरतं: अर्धा केबी, चार, साडेतीन. दोन्ही टोकांचे सेक्टर अर्धवट भरतात. अर्धवट सेक्टर लिहायचा तर डिस्कला तो आधी पूर्ण वाचावा लागतो, त्यात बदल करून तबकडी पुन्हा तिथे येईपर्यंत थांबावं लागतं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. लहान लहान लिखाणाच्या डेटाबेसला हे थांबणं फार महाग पडतं.

विंडोज एक्सपी वापरणाऱ्यांसाठी त्या डिस्कच्या पाठीमागे एक सोय होती. ७ आणि ८ क्रमांकाच्या पिना जंपरने जोडल्या की डिस्क प्रत्येक पत्त्यात गुपचूप एक मिळवायची. एक्सपी म्हणायचं ६३, डिस्क लिहायची ६४ वर. सगळी तूट एका सेक्टरची होती याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. पार्टिशन एकच असेल तरच ही युक्ती चालायची, जुळवलेल्या पार्टिशनवर उलट बाधायची, त्यामुळे ती फार काळ टिकणारी नव्हती. पण धातूच्या इवल्याशा तुकड्याने केलेली ही दुरुस्ती मला २०४८ इतकीच आवडते.

२०४८ ला मर्यादाही आहेत. पतसंस्थेच्या चार डिस्कांच्या रेड ५ मध्ये एका ओळीत डेटाचे तीन तुकडे आणि एक पॅरिटीचा येतो. डेटाची पूर्ण ओळ १९२ केबीची. १०२४ ला १९२ ने पूर्ण भाग जात नाही. तुकड्यांच्या सीमा जुळतात, ओळींच्या जुळत नाहीत. तेही जुळवायचं तर पार्टिशन १५३६ केबीवर, म्हणजे ३०७२ व्या सेक्टरवर सुरू करता येईल. १५३६ ला ६४ नेही भाग जातो आणि १९२ नेही. त्याने फायदा कधी होतो? एकदम संपूर्ण ओळ लिहिली जाते तेव्हा, म्हणजे मोठ्या बॅकअपच्या वेळी. पिग्मीच्या नोंदी कधीच ओळ भरून येत नाहीत. म्हणून लहान संस्थेच्या सर्व्हरवर १०२४ च ठेवावं असं माझं मत आहे. पुढे सांभाळायला येणाऱ्या माणसाला ओळखीचा आकडा दिसणं हेही मोलाचं असतं. फ्लॅशच्या डिस्कलाही तोच आकडा चालतो. त्यात तबकडी नाही, हेड नाही. तिथेही पानं चार, आठ, सोळा केबीची असतात आणि १ एमबीवरून सुरू केलेलं पार्टिशन त्यांच्याशी जुळतं.

आज हे वाचायचं कारण काय, असं विचारता येईल, कारण नव्या मशीनवर २०४८ आपोआप येतं. अडचण जुन्या मशीनची आहे. विंडोज सर्व्हर २००३ वर २००८ चढवलं तरी पार्टिशन जिथे होतं तिथेच राहतं. जुना सर्व्हर जसाच्या तसा उचलून व्हर्च्युअल मशीन केला, तर ६३ त्याच्या पोटात बसून नव्या यंत्रात जातं. तिथे बाहेरच्या थराची जुळणी बिनचूक असते, खालच्या डिस्कांची बिनचूक असते, आणि आतल्या पाहुण्या मशीनची एका सेक्टरने चुकलेली. बाहेरून तपासणाऱ्याला सगळे आकडे बरोबर दिसतात. आत शिरून विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून तपास आतल्या मशीनवरच करावा. जुन्या विंडोजवर डब्ल्यूएमआयसीला पार्टिशनचा ‘स्टार्टिंग ऑफसेट’ विचारावा, क्लस्टरसाठी एफएसयूटिल. लिनक्सवर एफडिस्कची सेक्टरमधली यादी पुरते. तुकड्याचं माप मात्र विंडोजला ठाऊक नसतं. ते कंट्रोलरच्या पडद्यावर पाहावं लागतं.

आणि तिथे ३२२५६ निघालंच तर? पार्टिशनचा आरंभ एक सेक्टर सरकवायचा म्हणजे त्यातला प्रत्येक बाइट उचलून नव्या जागी ठेवायचा. ते जागच्या जागी करणारी साधनं आहेत. चालू डेटाबेसवर ती वापरू नयेत. संपूर्ण बॅकअप घ्यावा, तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहावा, मग पार्टिशन काढून नवं बनवावं, ६४ केबी क्लस्टरने फॉरमॅट करावं आणि डेटा परत आणावा. मार्चअखेर टाळून हे काम करावं. पावसाळ्यात वीज बेभरवशाची असते, तेही दिवस टाळावेत. दिवाळीची जोडून आलेली सुट्टी उत्तम. सुट्टीआधीच्या नेहमीच्या दिवसअखेरीला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवावं, आणि नव्या पार्टिशनवरच्या पहिल्या दिवसअखेरीला किती लागली तेही.